नळाला चोवीस तास पाणी, घागरीतलं मात्र शिळं

आमच्या आज्जीनं शेवटपर्यंत एक काम चुकवलं नाही. सकाळी उठली की रात्रीचं उरलेलं पाणी परसात ओतायची. तांब्याची घागर, दोन बिंदग्या, न्हाणीतला हंडा, सगळं रिकामं. मग चिंच लावून घागर लख्ख घासायची आणि ताजं पाणी भरायची. ताजं म्हणजे आज नळाला आलेलं. पुढं आमच्या गल्लीत चोवीस तास पाणी सुरू झालं, तरी तिचं हे सुटलं नाही. शेजारच्या मामी एकदा म्हणाल्या, "मावशी, आता नळात कायम ताजंच असतंय की, कशाला ओतताय?" आज्जी म्हणाली, "नळातलं ताजं असंल गं. घागरीतलं शिळंच की."

घागरीची गोष्ट काढली कारण आमच्या त्या नळामागं जागतिक बँक उभी होती. २००४ साली बँकेनं कर्नाटकाला शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी कर्ज दिलं. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथले थोडे थोडे भाग निवडायचे आणि तिथं चोवीस तास पाणी देऊन दाखवायचं, असा बेत होता. बेळगावात ५८ पैकी १० वॉर्ड निवडले गेले. पाणी तेच, राकसकोप आणि हिडकल धरणांचं. पाइप नवे, घरोघरी मीटर नवे, आणि चालवायला फ्रेंच कंपनी.

आंतरराष्ट्रीय विकास म्हणतात तो हाच. एका देशातला पैसा, तंत्र किंवा अक्कल दुसऱ्या देशातल्या माणसांचं जगणं सुधारावं म्हणून येते. कधी कर्ज म्हणून, कधी देणगी म्हणून, कधी करार करून. सोबत अटी येतात. ही कल्पना फार जुनी नाही. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात 'अविकसित' मुलखांना आपलं शास्त्र आणि तंत्र देऊ असं जाहीर केलं. तेव्हापासून निम्म्याहून जास्त जग अविकसित ठरलं. आपल्याकडं विकसतं ते कमळ, आणि ते आपलं आपण उमलतं. असो, शब्दांशी फार खेळत बसायला नको.

दुसरा शब्द संस्कृती. तो ऐकला की सीमाभागातल्या माणसाला दुकानांच्या पाट्या, मोर्चे आणि १ नोव्हेंबरचा काळा दिवस आठवतो. इथं तो अर्थ घेऊ नका. कुठलं पाणी शिळं, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं, कुणापुढं तोंड उघडायचं, कर्ज काढल्याची लाज कुणाला वाटायची, असे कुठंही न लिहिलेले आणि तरी सगळ्यांना पाठ असलेले नियम म्हणजे संस्कृती. विकासाच्या कागदांत हे नियम मदत घेणाऱ्याकडंच असतात असं धरून चालतात. ते बरे असले तर 'वारसा', आड आले तर 'अडथळा'. मला वाटतं, देणाऱ्याकडंही असे नियम असतात. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसे ते त्याला जाणवत नाहीत, एवढंच.

आता नळाचंच बघा. त्या आधी आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही दोन-तीन तास. पाणी यायच्या दिवशी गल्लीतल्या बायका लग्नालासुद्धा जायच्या नाहीत. आणि एक नियम पक्का होता, पाण्याला नाही म्हणायचं नाही. ज्याच्या घरी जोरानं येतंय त्याच्याकडं बाकीच्यांनी भरायचं. मामींच्या मागच्या खोलीत भाडेकरू होते, त्यांना नळ नव्हता. ती बाई रोज दोन बिंदग्या मामींच्या नळावर भरायची. मीटर बसला, पहिलं बिल आलं. दुसऱ्या दिवशी ती बाई आली तेव्हा मामींनी नाही म्हटलं नाही, म्हणवलंच नाही त्यांना. पण हात घागरीखाली आणि डोळे मीटरच्या काट्यावर. महिनाभर असंच चाललं. मग एक दिवस मामींनी तोड काढली. म्हणाल्या, "भर की गं, पण नळ बारीक सोड." बारीक सोडल्यावर मीटर पळत नाही, असा त्यांचा समज.

मीटर बनवणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र असतं. एक घर, एक जोडणी, एक ग्राहक, वापराल तेवढे पैसे. चित्र वाईट नाही, उधळपट्टी त्यानं खरंच कमी होते. पण ते एका ठरावीक समाजाचं चित्र आहे, जिथं शेजारणीला पाणी देणं हा व्यवहार हिशेबात धरावा लागत नाही. आमच्याकडं तो धरावा लागतो.

मात्र जुन्या पाणवठ्याचं फार कौतुकही मला करवत नाही. बेळगावात विहिरींचा मोठा अभिमान आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, टिळकवाडीत विहीर खणली होती. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पण खेड्यापाड्यांतल्या विहिरींवर कितीजणांना हात लावू दिला जात होता? लांब उभं राहायचं, कुणाला दया आली की त्यानं वरून ओतायचं. ज्या घरानं हे सोसलंय, त्याला स्वतःच्या दारातला नळ आणि त्यावरचा मीटर म्हणजे काय वाटलं असेल याचा विचार पाणवठ्याच्या जिव्हाळ्यावर लेख लिहिणारे करत नाहीत. पैसे भरले की पाणी, मध्ये कुणाची दया नाही. बाहेरून आलेल्या योजनेनं इथली संस्कृती बिघडवली, असं सरसकट म्हणताना कुणाची संस्कृती, हे विचारावं.

भाषेची गंमत वेगळीच. बँकेचे कागद इंग्रजीत, नोटीस कन्नडात आणि नळावरचं भांडण मराठीत. बिलाचे दर कसे चढतात हे आमच्या गल्लीत नेमकं कुणालाच कळलं नव्हतं. मामींचा 'बारीक नळ' त्यातूनच आला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी पुढं हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांची तुलना केली. चोवीस तासवाल्या नळाचं पाणी स्वच्छ निघालं. पण लहान मुलांच्या जुलाबात एकूण पाहता म्हणावा तसा फरक दिसला नाही. रक्ताचे जुलाब तेवढे कमी झाले होते, आणि गरीब घरांत फायदा जास्त होता. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. नळ कायम सुरू असला तरी लोक पिण्याचं पाणी भरूनच ठेवत होते, आणि भरून ठेवलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त दूषित निघत होतं. म्हणजे आज्जीचं वाक्य प्रयोगशाळेतून दाखला घेऊन परत आलं.

नळ असताना लोक भरून का ठेवतात, याला इंजिनिअर 'मानसिकता' म्हणतात. हिडकलचा पंप बंद पडला की निम्मं बेळगाव कोरडं पडतं, हे ज्यानं बघितलंय तो माणूस घागर पालथी घालून झोपणार नाही. यात मानसिकता कुठली, अनुभव आहे.

'इथली माणसंच तशी' हे वाक्य विकासाच्या व्यवहारात फार स्वस्त आहे. अमर्त्य सेन यांनी त्यावर चांगलं बोट ठेवलंय. १९६० च्या दशकात घाना आणि दक्षिण कोरिया यांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. तीस वर्षांत कोरिया कुठल्या कुठं गेला. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी त्याचं बरंचसं श्रेय कोरियन संस्कृतीला दिलं, काटकसर, कष्ट, शिस्त वगैरे. सेन यांचं म्हणणं, जरा थांबा. कोरियात तेव्हाच शिक्षण घानाच्या फार पुढं होतं, सरकार आणि उद्योगांचं नातं वेगळं होतं, अमेरिका आणि जपानशी संबंध वेगळे होते. शिवाय कोरियन संस्कृती ज्या चिनी तत्त्वज्ञाच्या शिकवणुकीवर उभी आहे म्हणतात, त्या कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीला जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी भांडवलशाहीला न मानवणारी ठरवलं होतं. म्हणजे धंदा बसला तरी कन्फ्यूशियसमुळं आणि चालला तरी कन्फ्यूशियसमुळं!

आता जरा अथणीला जाऊ. कोल्हापुरी चप्पल विकली जाते कोल्हापुरात, पण त्यातली बरीच तयार होते आमच्या बाजूला, अथणी, निपाणी, मदभावी इथं. आमच्याकडं तिला पायताण म्हणतात. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. तळ कापायचा आणि ठोकायचा पुरुषांनी, पट्ट्यावरची वेणी आणि नक्षी बायकांनी. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा लागत नाही. आणि हे करणाऱ्यांना गावानं शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलं. बाराव्या शतकात समगार, म्हणजे चर्मकार, हरळय्यानं आणि त्याच्या बायकोनं आपल्या मांडीच्या कातड्याची पायताणं करून बसवण्णांना दिली, ही कथा कन्नड मुलखात पोरासोरांना पाठ असते. त्याच हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं म्हणून बिदरकडच्या कल्याणात रक्त सांडलं, हेही सांगतात.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पैसा चर्मोद्योगासाठी भारतात आला होता. त्यातून अथणीत बायकांचे बचत गट उभे राहिले आणि 'टोहोल्ड' या नावानं त्यांची चप्पल परदेशात जायला लागली. आता काय बदलतं बघा. गावातलं गिऱ्हाईक पाय पुढं करतं, कारागीर बघतो, अंदाज घेतो, जोड तयार. परदेशातल्या दुकानाला ३७, ३८, ३९ अशा ठरलेल्या मापाचे शेकड्यानं जोड लागतात, सगळे एका रंगाचे. तेलाचा वास नको. करकर नको. (आमच्याकडं करकर वाजली नाही तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल.) त्यांना हवी ती 'हाताची' वस्तू, पण हाताहाताचा फरक मात्र चालत नाही. ही देणाऱ्याची संस्कृती, आणि तिच्यामुळं पायताणाचं अंगच बदलतं. त्याच वेळी, वेणी घालणारी बाई आधी घरच्या कामाला 'हातभार' लावत होती. गटात आल्यावर तिच्या वेणीला दर आला, पासबुकावर नाव आलं. पायताणाच्या करकरीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आठ जिल्ह्यांना मिळून. तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पायताणाचा प्रश्न तेवढा दोन्ही राज्यांनी एका अर्जात मिटवला. मग जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरी दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याची बातमी आली. २००० जोड, एकेक सुमारे ८०० युरोला. तेवढ्या पैशात अथणीच्या बाजारातून किती पोती पायताणं येतील, याचा हिशेब आमच्या काकांनी तिथल्या तिथं केला.

बातमीनंतर सगळे कोल्हापुरीला 'आपला वारसा' म्हणायला लागले. वारसा आपला, कातड्याच्या कुंडात हात कारागिरांचे. कारागिराच्या पोराला विचारलं तर त्याला प्राडा नको, नोकरी हवी. परंपरा जपा म्हणणाऱ्यानं एकदा कातडं भिजत घातलेल्या कुंडाजवळ पाच मिनिटं उभं राहून यावं.

यापुढचं उदाहरण अवघड आहे, पण ते टाळून बेळगाव जिल्ह्याबद्दल लिहिता येणार नाही. सौंदत्तीची यल्लम्मा. पुनवेला डोंगरावर 'उदं गं आई उदं'चा गजर होतो, महाराष्ट्रातूनही गाड्या भरून येतात. याच देवीला देवदासी म्हणून मुली सोडायची प्रथा होती. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली ती कायद्यानं बंद केली गेली, तरी चोरून चालू राहिली. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, तिला दर्शन म्हणतात, ती बांधली की मुलगी देवीची. देवाला मरण नाही, म्हणून तिला वैधव्य नाही, असा मान. प्रत्यक्षात दलित घरातली पोर आणि गावातल्या पैसेवाल्याची सोय.

एड्सची साथ आली तेव्हा उत्तर कर्नाटकात परदेशी पैसा आला. आधी कॅनडाचा, मग २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' कार्यक्रमाचा. त्यांच्या फॉर्मवर रकाने असतात आणि बाईला एका रकान्यात बसावं लागतं, लैंगिक कामगार. ती स्वतःला तसं म्हणत नव्हती. ती म्हणायची, मी देवीची. रकान्याशिवाय निरोध मोजता येत नाहीत आणि मोजल्याशिवाय पैसा येत नाही, हेही खरं. पण त्या बायकांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच बाईनं येऊन बोलल्याशिवाय कुणी दवाखान्यात जात नव्हतं. म्हणून त्यांच्यातल्याच बायकांना काम दिलं गेलं. रकाना राहिला, बोलणारी बाई बदलली. काही बायका पुढं 'आम्ही कामगार' असं ठणकावून म्हणायला लागल्या. हा शब्द बाहेरून आला होता, त्यांनी तो आपल्या कामाला लावला.

देणाऱ्याचं सोवळंही इथंच उघडं पडलं. २००३ साली अमेरिकेनं एड्ससाठी मोठा निधी मंजूर केला, पण कायद्यात अट घातली. पैसा घेणाऱ्या संस्थेनं आपला वेश्याव्यवसायाला विरोध आहे असं लिहून द्यायचं. ज्या बायकांच्या दारात रोज जायचं, त्यांच्याच विरोधात सही! ब्राझीलनं २००५ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. आमच्या शेजारी सांगलीच्या 'संग्राम' संस्थेनंही अमेरिकेचा पैसा नको म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये त्याच कोर्टानं परदेशी संस्थांना ती लावता येते असं सांगितलं. आज्जीच्या सोवळ्याला अंधश्रद्धा म्हणणारे वॉशिंग्टनच्या सोवळ्याला धोरण म्हणतात.

बचत गटांचं थोडक्यात सांगतो. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९६८ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटकातल्या मायराडा संस्थेनं १९८० च्या दशकात बायकांचे छोटे गट बांधले. १९९२ मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या सरकारी बँकेनं ५०० गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग केला आणि ती गोष्ट देशभर पसरली. भिशी आपल्याकडं आधीपासून होतीच. नवीन काय, तर अब्रूचं तारण. बाईकडं सात-बारा नसतो, पण चार बायकांत मान खाली घालायची वेळ येऊ नये ही भीती असते, आणि कर्ज त्या भीतीवर फिटतं. वर्षानुवर्षं हे चांगलं चाललं. पुढं खासगी मायक्रोफायनान्सवाल्यांनी तीच भीती दारात उभं राहून वापरायला सुरुवात केली, तेव्हा कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये वसुलीतल्या दंडेलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला.

निपाणीचा तंबाखू हा तर वेगळ्या लेखाचा विषय. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. पुढं भारतानं २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखूविरोधी करार मान्य केला. त्याच्या १७ व्या कलमात तंबाखूवाल्यांना पर्यायी रोजगार देण्याची भाषा आहे. आरोग्याच्या बाजूनं करार योग्यच. पण वखारीत तंबाखू झोडून खोकणाऱ्या बाईला पर्याय म्हणजे नेमकं कुठलं काम, हे कलमात सांगितलेलं नाही. तिच्या पगाराच्या दिवसावर निपाणीचा बाजार चालतो.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. संस्कृतीसाठी त्यात वेगळं उद्दिष्ट नाही, वारसा जपण्याचा उल्लेख शहरांच्या उद्दिष्टात एका ओळीत येऊन जातो. वेगळं असायला हवं होतं असं युनेस्कोवाले म्हणतात. मला खात्री नाही. वेगळा रकाना केला की त्यात लेझीम भरलं जाईल आणि पाण्याच्या रकान्यात पुन्हा पाइपच राहील.

आज्जीची घागर आता माळ्यावर आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर फिल्टर बसलाय, खाली पारदर्शक टाकी, निळा दिवा. आई रोज सकाळी पहिल्यांदा फिल्टरची तोटी सोडते, टाकीतलं सगळं पाणी बादलीत काढते आणि तुळशीला घालते. परवा तिला विचारलं, "अगं, हे तर फिल्टरचं आहे, कशाला टाकतेस?"

"रात्रीचं आहे की," ती म्हणाली.